बहरीनच्या रस्त्याची तयारी

कुवेतमध्ये हिवाळा आल्याचं आधी कानाला कळतं. नोव्हेंबर सरता सरता एखाद्या सकाळी जाग येते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं, इमारतीतला एकही एसी चालू नाही. आठ महिने भिंतींतून जी घरघर चाललेली असते ती थांबलेली असते आणि तिच्याखाली दबलेले सगळे आवाज वर येतात. शेजारच्या खोलीतला खोकला, खालच्या किराणा दुकानाचं शटर, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, जिन्यातून कामाला उतरणाऱ्या माणसांचे बूट. मी एसी दुरुस्त करणारा माणूस. लोकांना या शांततेत थंडी ऐकू येते, मला माझी विश्रांती ऐकू येते. यंदाही परवाच्या सकाळी ती ऐकू आली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला तो हिवाळा आठवला, ज्यात मी आणि इक्बालभाई बहरीनला जायची तयारी करत होतो.

उन्हाळ्यातलं आमचं काम सांगून कळायचं नाही. भर दुपारी गच्चीवर चढायचं, पान्याला ओलं फडकं गुंडाळून तो धरायचा, आणि खालच्या गार खोलीतला माणूस फोन करून विचारणार, अजून किती वेळ. ऑक्टोबरपर्यंत माझ्या अंगात काही शिल्लक राहत नाही. इराकबरोबरची लढाई संपून सगळी इमारत-दुरुस्ती जोरात चालू होती तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी इथे आलो. राजापूरजवळच्या आमच्या वाडीतून आलेला मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नाही. दोन वर्षांचा करार, मग दोन महिन्यांची सुट्टी, परत करार. त्या सगळ्या सुट्ट्या मी कशाकशात घातल्या ते आठवायला बसलो तर एका सुट्टीत बहिणीचं लग्न, एकीत घराचं छप्पर, एकीत वडिलांचं वर्षश्राद्ध, एकीत विहिरीचा वाद. प्रत्येक वेळी परत येताना विमानात मी गेलो होतो त्याहून जास्त थकलेला असायचो.

म्हणून त्या वर्षी, चाळिशी उलटल्यावर, माझ्या डोक्यात एक हट्ट बसला. आयुष्यात एक गोष्ट अशी करायची की जिचा कुणालाही काही उपयोग नाही. घराला नाही, गावाला नाही, कंपनीलाही नाही.

ही गोष्ट कोणती ते इक्बालभाईंनी ठरवलं. ते हर्णैकडचे. हवल्लीत राहायचे आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर काम करायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, डोक्यावर केस कमी, आणि गाड्यांचं वेड मात्र विशीतल्या पोरासारखं. मी कंपनीची व्हॅन सोडून स्वतःसाठी एक जुनी जपानी गाडी घेतली ती त्यांच्याच सल्ल्याने. ती घेतली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाकडे इतका वेळ पाहिलं की विकणाऱ्याला वाटलं आता हे काहीतरी खोट काढणार. त्यांनी काही खोट काढली नाही. एवढंच म्हणाले की ही बिचारी इतकी वर्षं नुसती सिग्नलला उभी राहिली आहे.

बहरीनला मोटारींच्या शर्यतीचा मोठा ट्रॅक नुकताच झाला होता. जगभरातून गाड्या यायच्या, टीव्हीवर दाखवायचे. वाळवंटात काळाकुळकुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या कडा. आम्ही दोघांनी ती शर्यत इक्बालभाईंच्या खोलीत बसून, चहात खारी बुडवत पाहिली होती. मग त्यांच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की शर्यती नसतात तेव्हा ठरावीक संध्याकाळी तो ट्रॅक सगळ्यांसाठी खुला करतात. तिकीट काढायचं, हेल्मेट घालायचं आणि स्वतःची गाडी घेऊन आत शिरायचं. कुणीही. इक्बालभाई त्या दिवशी काउंटर सोडून थेट अब्बासियातल्या माझ्या खोलीवर आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सुरेश, आपल्याला पन सोडतात आत.”

त्या वाक्यातलं ‘पन’ मला अजून ऐकू येतं. इथे इतकी वर्षं काढली तरी आम्हाला आत सोडणाऱ्या जागा फार नव्हत्या, आणि ज्या होत्या तिथे आम्ही टूलबॉक्स घेऊन मागच्या दाराने जायचो.

तेव्हापासून आमचा हिवाळा सुरू झाला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, इक्बालभाई यायचे. थंडीत अब्बासियाच्या गल्ल्यांना वेगळा वास येतो. उन्हाळ्यात गटार आणि तापलेलं डांबर. हिवाळ्यात ओली धूळ, तळलेला पराठा आणि ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरातल्या डांबरगोळ्या. शहराबाहेरच्या वाळवंटात कुवेती लोकांचे तंबू लागलेले असायचे आणि वाऱ्यावर तिथल्या शेकोट्यांचा धूर यायचा. आम्ही गाडी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत लावून तिचं एकेक अंग उघडायचो. ब्रेकचे पॅड बदलले. रेडिएटर धुतला. टायर इक्बालभाईंनी स्वतः निवडून आणले, त्यांच्यावर कोरलेली बनवल्याची तारीख माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, कारण इथल्या उन्हात टायर दुकानात पडूनही म्हातारं होतं. मग वजन काढायला सुरुवात झाली.

वजनाचा त्यांना फार राग. स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढून माझ्या खोलीत आणून ठेवली. आम्ही पाच जण राहायचो त्या दोन खोल्यांत. ती सीट भिंतीला लावल्यावर सगळ्यांची सोय झाली आणि तिच्यावर बसून चार जण भाजी निवडायचे. पायपुसणी काढली, डिकीतला गालिचा काढला. एक दिवस त्यांनी माझ्या पोटाकडेही पाहिलं. शेवटी राहिली ती घंटी. इथल्या गाड्यांत काटा एकशे वीसच्या पुढे गेला की डॅशबोर्डातून टिंग टिंग सुरू होते आणि वेग कमी करेपर्यंत थांबत नाही. बारा वर्षं ती घंटी मी इमानदारीने पाळली होती. वाजली की पाय आपोआप उचलला जायचा. इक्बालभाईंनी डॅशबोर्डाखाली डोकं घालून तिची वायर तोडली आणि बाहेर येऊन हात पुसले.

त्या ट्रॅकचा नकाशा त्यांना कुठल्याशा मासिकाच्या रंगीत पानावर मिळाला. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्यामधून, त्यांनी खडूने तो अख्खा रस्ता काढला. प्रत्येक वळणाला नंबर. कुठे ब्रेक, कुठे गिअर खाली, कुठे आतल्या कडेला चिकटायचं. मी हातात जेवायची स्टीलची थाळी स्टिअरिंगसारखी धरून त्या रेघेवरून चालायचो आणि ते टाकीवर बसून ओरडायचे, “लांब बग, लांब. बॉनेटाकडे काय बगतोस.” खालच्या मजल्यावरचे लोक कपडे वाळत घालायला यायचे आणि बादली हातात घेऊन उभे राहायचे. माझे खोलीवाले तर हसून हसून बेजार. मलाही हसू यायचं, पण थाळी मी खाली ठेवत नसे. हिवाळ्यात गच्चीवर नुसतं चालायला मिळणं, हातात पाना नसताना, हेच मला नवीन होतं. उन्हाळाभर जिथे मी मान खाली घालून बसलेला असे तिथे मी वळणं घेत फिरत होतो. चौथ्या-पाचव्या शुक्रवारी तर डोळे मिटूनही पाय बरोबर पडायला लागले.

मग रिकाम्या मैदानात टोमॅटोचे रिकामे डबे मांडून त्यांच्यामधून गाडी काढायचा सराव. पहिल्या दिवशी मी सगळे डबे पाडले. इक्बालभाई मुकाट्याने उतरले, डबे परत मांडले, परत बसले. हेल्मेटंही मिळवली. एक त्यांच्या ओळखीच्या, घरोघर जेवण पोचवणाऱ्या माणसाचं. त्याला आतून खोबरेल तेलाचा वास यायचा. दुसरं त्यांनी कुठून आणलं ते मी विचारलं नाही.

गाडी तयार झाली. राहिले कागद.

इथे राहिलेल्या माणसाला कागद म्हणजे काय ते सांगायला नको. बहरीनला रस्त्याने जायचं तर मध्ये सौदी लागतं. तिथून नुसतं पार व्हायचा व्हिसा हवा, आणि तो हवा तर पासपोर्ट हवा. माझा पासपोर्ट कंपनीच्या शर्कमधल्या ऑफिसात, तिजोरीत. आमच्या सगळ्यांचेच तिथे. सुट्टी मंजूर झाली तरच तो हातात पडायचा, आणि माझी दोन वर्षांची सुट्टी यायला अजून वर्षभर अवकाश होता. मधल्या काळात एकच वाट. प्रत्येक करारात दहा दिवसांची एक तातडीची सुट्टी मिळे. एकदाच. आणि तिचं कारण सगळ्यांना पाठ होतं.

ऑफिसातला क्लार्क केरळचा, वयस्क, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. मी फॉर्म घेऊन कारणाच्या रकान्यापाशी अडलो तर त्याने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, “मदर सिक लिखो. सब लोग वही लिखता है.” मी लिहिलं. त्या फायलींमध्ये इतक्या आया आजारी होत्या की त्यात आणखी एक. कुणी साखरपुड्याला जायचं म्हणून, कुणी दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला जायचं म्हणून, सगळ्यांनी आपापल्या आईला कधी ना कधी अंथरुणावर पाडलं होतं. आमच्यात ते खोटंसुद्धा धरत नसत, ती फॉर्म भरायची पद्धत होती. माझी आई तेव्हा पासष्टची, पण काटक. त्या दिवसांत ती घरामागच्या परड्यात पावट्याच्या शेंगा तोडत असणार हे मला बसल्या जागी दिसत होतं.

पासपोर्ट मिळाला. हवल्लीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याने आठवड्यात आम्हा दोघांचे व्हिसे काढून दिले. बेत असा की तीन दिवस बहरीन, आणि उरलेले सात दिवस मी इक्बालभाईंच्या खोलीत दडून काढायचे, कारण कंपनीच्या हिशेबी मी राजापुरात आईच्या उशाशी बसलेला असणार होतो.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. कंपनीच्या ऑफिसात मंजूर सुट्ट्यांची यादी फळ्यावर लावायचे, नाव आणि कारणासकट. माझ्या शेजारच्या वाडीतला संतोष माझ्याच कंपनीत होता, पण तो कंपनीच्या कॅम्पात राहायचा, आमच्या गच्चीवरचा खेळ त्याला माहीत नव्हता. त्याने यादी वाचली. त्याच संध्याकाळी तो आणि कॅम्पातले आणखी दोघे गावकरी माझ्या दारात हजर. चेहरे सुतकी. संतोषने माझा हात धरला आणि काही काळजी करू नकोस म्हणाला. खोलीवाले मागच्या सीटवर बसून माना खाली घालून वाटाणे सोलत होते. त्यांची हिंमत होईना माझ्याकडे बघायची.

आणि गावी जाणारा माणूस म्हटला की त्याच्या हाती सामान द्यायचं, हा इथला रिवाज. आई आजारी असो की कुणी मेलेलं असो, माणूस तिकडे चाललाय ना, मग ही पिशवी तेवढी पोचव. दोन दिवसांत माझ्याकडे दूध पावडरचे डबे, साबणाच्या वड्या, अत्तराच्या बाटल्या, एक रेडिओ आणि तीन जाडजूड कोरियन ब्लँकेटं जमली. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं असतं तर मी जात नाही हे उघड झालं असतं. खोलीत जागा उरली नाही म्हणून सगळं गाडीत टाकलं. शुक्रवारी इक्बालभाई आले, मागचं दार उघडलं, आणि जिथून त्यांनी किलो-किलोने वजन काढलं होतं तिथे छतापर्यंत ब्लँकेटं पाहिली. मग हळूच दार लावून घेतलं.

त्याच शुक्रवारी मी गावी फोन केला. दर पंधरा दिवसांनी करायचो. आमच्या घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या दुकानदाराकडे करायचा, तो कुणाला तरी पाठवून आईला बोलावणार, मग दहा मिनिटांनी परत लावायचा. दहा मिनिटांनी आई फोनवर आली नाही. दुकानदारच बोलला. म्हणाला, “ती नाय येऊ शकत रे. आजारी हाय. पडून हाय दोन दिस.”

मी काय झालंय विचारलं. ते त्याला नक्की माहीत नव्हतं. संतोषची बायको नारळ आणि बिस्किटं घेऊन बघायला गेली होती म्हणे, तिने सांगितलं. ताप असेल, म्हातारं माणूस. तू येतोयस ना, मग बरंच झालं, असंही तो म्हणाला.

इक्बालभाई माझ्यासोबतच होते. मी सांगितलं तसे ते पटकन हसले. त्यांना एका क्षणात उलगडलं. संतोषने फळा वाचला, बायकोला फोन केला, बायकोने वाडीभर केलं, आणि आता वाडी मला सांगतेय. “तुझीच बातमी फिरून आली रे तुझ्याकडे,” ते म्हणाले.

ते मलाही कळत होतं. नव्वद टक्के तसंच असणार. पण आई दोन दिवस पडून आहे, फोनवर आली नाही, हे तिला बोलवायला गेलेल्याने पाहिलेलं होतं. माझी आई दिवसा कधी पाठ टेकत नसे. बाळंतपणातसुद्धा टेकली नसेल.

“आणि खरीच असली तर?” मी विचारलं.

इक्बालभाईंचं हसू गेलं. त्यांची आई ते इथे असतानाच गेली होती, मला माहीत होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडी माझ्या नावावर. मी नसताना तिला सीमेपार नेता येत नव्हतं. त्यांचा व्हिसा त्यांच्या खिशात होता आणि तीन महिन्यांचे शुक्रवार माझ्या एका फोनवर उडाले होते. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, माझ्यासाठी त्याहून जास्त वाटलं. आईचा राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आला. बारा वर्षांत एकदा मी स्वतःसाठी काही मागितलं आणि त्याच आठवड्यात तिला पडायचं होतं.

तिकीट काढलं. विमान दुपारचं होतं. इक्बालभाई मला सोडायला आले, ब्लँकेटं मांडीवर घेऊन बाजूला बसले आणि म्हणाले की चालव तूच. सकाळचं धुकं नुकतंच विरलं होतं, विमानतळाचा रस्ता रिकामा आणि ओला. मी गाडी पळवली. एकशे वीस झाले. एकशे तीस. घंटी वाजली नाही. इंजिनाचा आवाज बदलला, खोल आणि मोकळा झाला, आणि इतकं हलकं काहीतरी माझ्या छातीतून गेलं की मला भीती वाटली. मी पाय उचलला. इक्बालभाई समोर बघत होते. “चांगली धावते,” एवढंच म्हणाले.

गावी पोचलो तेव्हा अंगणात चार बायका होत्या. आई ओटीवर गोधडी घेऊन पडलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. मी जवळ बसलो, कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिने डोळे किलकिले केले, बायकांकडे एक नजर टाकली आणि परत मिटले. बायका गेल्या, फाटकाचा आवाज झाला, तशी ती उठून बसली. फडकं सोडलं आणि विचारलं की मी जेवलोय का.

मी ओरडलो तिच्यावर. माझा बेत मोडला, म्हातारपणी हे काय सोंग, असं बरंच काही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “संतोषची बायको आली नारळ घेवन. म्हनली, तुजो सुरेश येतोय, तू आजारी हायस म्हनून. मी परड्यात शेंगा तोडत हुते. मला कळला, तू तसा लिवलंस. मग मी म्हटलं, आता कंपनीचा कोन चौकशी करील, तुजी नोकरी जायाची. म्हनून पडले.”

तिने कारण विचारलं नव्हतं. मला का खोटं लिहावं लागलं, कशासाठी सुट्टी हवी होती, काही नाही. मी तसं लिहिलंय एवढं कळलं आणि ती शेंगांची टोपली ठेवून अंथरुणावर जाऊन पडली.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात विचित्र सण होता. कुणी आलं की आई पडायची, गेलं की उठायची. पण वाडीत कुणी ना कुणी सतत येत असे, त्यामुळे ती बहुतेक वेळ पडूनच असायची. मी शेजारी बसायचो, कारण आजारी आईला भेटायला आलेल्या मुलाने दुसरं काय करायचं. पेज मी करायचो. ती पडल्या पडल्या सूचना द्यायची, पाणी कमी घाल, मीठ नंतर घाल. दुपारी ओटीवर ऊन यायचं आणि आम्ही दोघं काहीही न करता बसलेले असायचो. मला आठवतं तेव्हापासून तिला मी कामाशिवाय पाहिली नव्हती, आणि तिने मला. कामं सगळी दारात उभी होती. ना तिला उठता येत होतं, ना मला तिला सोडून जाता येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. बहरीन, तो रस्ता, गच्चीवरची थाळी, सगळं. ती छताकडे बघत ऐकत होती. तो रस्ता कुठे जातो, तिने विचारलं. मी म्हटलं, कुठे नाही, फिरून तिथेच येतो. तिने थोडा विचार केला.

“म्हंजे पोचायचा कुटं नाय. नुसता जोरात जायाचा.”

“हो.”

“मग जायाला पायजे हुतंस तू,” ती म्हणाली.

मी ट्रॅकवर कधीच गेलो नाही. इक्बालभाईंना पुढच्या उन्हाळ्यात साखरेचा त्रास वाढला, डोळे अधू झाले, आणि ते कायमचे हर्णैला गेले. गाडी मी विकली. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं की घंटी का वाजत नाही.

आणि त्याच ऑगस्टमध्ये आई खरोखर आजारी पडली. तेरा दिवस. दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी एका इस्पितळाच्या गच्चीवर होतो. ऑफिसात गेलो. क्लार्कने फाइल काढली, चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा एकदा पाहिली आणि मान हलवली. त्या करारातली तातडीची सुट्टी मी वापरलेली होती. तो हसला नाही, त्याने मला चहा दिला. मी तेरा दिवस गच्चीवरून गच्चीवर फिरलो आणि चौदाव्या दिवशी काय कळायचं ते कळलं. ती आजारी असताना जायची सुट्टी मी ती बरी असताना संपवली होती. या गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं की समाधान मानावं हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. काही सकाळी एक वाटतं, काही सकाळी दुसरं. एसी बंद झाले की दोन्ही एकदम वाटतं, आणि मग उठवत नाही.

त्या हिवाळ्यात गावाहून परत निघालो त्या दिवसाचं सांगतो. दरवेळी मी निघालो की आई माझ्यामागून चालत वळणापर्यंत यायची. पायात चपला नाहीत, पदर डोक्यावर, एसटी दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभी. त्या दिवशी अंगणात वाडीतले लोक जमले होते, संतोषची बायको होती, तिच्याकडची पिशवी माझ्या हातात होती. आई ओटीवर गोधडीत. मी आत गेलो, पाया पडलो. तिने उठायला हात टेकले आणि बाहेरचे आवाज ऐकून परत पडली. मला जवळ ओढून कानाशी म्हणाली, “आजारी मानूस वळनावर येत नाय. लोक काय म्हनतील. तू निघ.” मग गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “सावकाश जा.”

मी वळणावर थांबून मागे पाहिलं. दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. आत माझी आई ठणठणीत होती आणि माझ्यासाठी पडून होती.